‘धोका वाढला आहे’ हे रोजच्या इंग्रजीत नेमके कसे सांगावे?

प्राजक्त (प्रश्न)

नमस्कार. मी इंग्लंडमधील एका केअर होममध्ये परिचारिका आहे. शिफ्ट बदलताना हँडओव्हर देणे, तोच मजकूर नोंदीत लिहिणे आणि नातेवाइकांना फोनवर कळवणे, ही तिन्ही कामे मला इंग्रजीतच करावी लागतात. व्याकरण माझे बरे आहे आणि वैद्यकीय शब्दांपाशीही मी अडत नाही. मी अडते ती एका अगदी साध्या ठिकाणी. मराठीत जिथे जिथे मी ‘धोका वाढला आहे’ असे सहज म्हणून गेले असते, तिथे इंग्रजीत रिस्क, डेंजर, चान्स, थ्रेट, हॅझर्ड असे अनेक शब्द समोर येतात, आणि त्यांतला कोणता शब्द त्या प्रसंगाला साजेसा आहे हे मला खात्रीने ठरवता येत नाही.

तीन प्रसंग देते. पहिला असा, की एका आजोबांना रक्तदाबाच्या नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून उभे राहताना चक्कर येते, त्यामुळे त्यांचा पडण्याचा धोका वाढला आहे. दुसऱ्या प्रसंगात मागच्या दारापाशी रात्री बर्फ साचून तो रस्ता नेहमीपेक्षा धोकादायक झाला आहे. तिसऱ्यात एका आजींना गिळायला त्रास होऊ लागला आहे, अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीत संसर्ग होण्याचा धोका वाढला आहे आणि ही गोष्ट मला त्यांच्या मुलीला सांगायची आहे. तिला उगाच घाबरवायचे नाही, पण परिस्थिती आहे त्यापेक्षा सौम्य करूनही सांगायची नाही. पाठ्यपुस्तकी इंग्रजी मला नको आहे. माझ्या सहकारी रोज जसे बोलतात तसे, आणि तरीही अचूक, असे काय म्हणावे?

शब्दवेधी

मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शब्द निवडण्यापूर्वी स्वतःला एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे नेमके काय वाढले आहे. वाईट गोष्ट घडण्याची शक्यता वाढली आहे, ती घडलीच तर होणारे नुकसान वाढले आहे, की ती घडण्याची वेळ जवळ आली आहे? आपल्या ‘धोका वाढला’ या एका वाक्यात या तिन्ही गोष्टी मावतात आणि ऐकणारा संदर्भावरून त्यांतली योग्य ती उचलतो. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकीसाठी वेगळी वाक्ये रूढ आहेत.

शक्यता वाढली असेल तर ‘रिस्क’ हा शब्द घ्यावा. रिस्क कमी-जास्त होते, मोजली जाते, चढते आणि उतरते. तुमच्या आजोबांविषयी नोंदीत ‘ही इज ॲट ग्रेटर रिस्क ऑफ फॉलिंग सिन्स द न्यू टॅब्लेट्स’ हे वाक्य चांगले आहे. बोलताना मात्र इंग्रज माणूस बहुतेक वेळा नाम टाळतो आणि ‘ही इज मोअर लाइकली टु फॉल नाऊ’ असे सरळ सांगतो. आपल्याकडच्या शासकीय आणि शालेय लिखाणाने नामांचा फार सोस लावला आहे, त्यामुळे ‘द चान्सेस ऑफ फॉलिंग आर मोअर’ अशी वाक्ये आपल्या तोंडी येतात. ती कळतात, पण तिथल्या कानांना अवघडलेली वाटतात. तुम्हाला रोजच्या बोलण्यातले इंग्रजी हवे आहे, म्हणून ‘मोअर लाइकली टु’ ही रचना सर्वांत आधी अंगवळणी पाडा, असे मी आग्रहाने सांगेन.

‘डेंजर’ हा शब्द जवळ आलेल्या, समोर उभ्या असलेल्या संकटासाठी अधिक शोभतो. माणूस ‘इन डेंजर’ असतो किंवा ‘आऊट ऑफ डेंजर’ असतो. आपल्या रुग्णालयांतही डॉक्टर ‘आऊट ऑफ डेंजर’ म्हणतात, पण ‘आऊट ऑफ रिस्क’ असे कुणीही म्हणत नाही. तेव्हा ‘ही इज इन डेंजर ऑफ फॉलिंग’ असे ऐकल्यावर ते आजोबा आत्ता खुर्चीच्या कडेवरून कलले आहेत, धावत जाऊन धरायला हवे, असे सहकाऱ्याला वाटू शकते. गेल्या आठवड्यापासून त्यांचा तोल पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे त्या वाक्यातून पोहोचत नाही.

तिसरी स्थिती नुकसान मोठे होण्याची. पडण्याची शक्यता तेवढीच आहे, पण रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यामुळे डोक्याला मार लागला तर तो जास्त गंभीर ठरेल, अशा वेळी ‘हिज रिस्क हॅज गॉन अप’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. तिथे ‘अ फॉल वुड बी मोअर सीरियस फॉर हिम’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यातून पुढच्या परिचारिकेला वेगळी कृती सुचते.

अव्ययांकडेही लक्ष द्या. काय घडू शकते ते ‘ऑफ’ने सांगतात, कुणाला धोका आहे ते ‘टु’ने आणि धोका कशापासून आहे ते ‘फ्रॉम’ने, म्हणजे ‘रिस्क ऑफ फॉलिंग’, ‘रिस्क टु रेसिडेंट्स’, ‘रिस्क फ्रॉम द आइस’. रिस्क हे क्रियापद म्हणून वापरले तर पुढे ‘टु’ येत नाही, ‘ही रिस्क्स फॉलिंग’ असे म्हणतात. धोका आपोआप वाढला असेल तर ‘हॅज रिझन’ किंवा बोलण्यात ‘हॅज गॉन अप’, आणि गोळ्यांनी तो वाढवला असेल तर ‘हॅव रेझ्ड’ किंवा ‘हॅव इन्क्रीज्ड’.

बर्फाच्या रस्त्याला मी ‘रिस्की’ म्हणणार नाही. रिस्की असते ती कृती किंवा तो निर्णय, जसे त्या रस्त्यावरून चालणे. रस्ता स्वतः ‘डेंजरस’ असतो, ‘स्लिपरी’ असतो, आणि ब्रिटनमधील हवामानाच्या बातम्यांत अशा रस्त्यांसाठी ‘ट्रेचरस’ हा शब्द नेहमी ऐकू येतो. डांबरावर न दिसणारा पातळ थर असेल तर त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. तो शब्द उच्चारला की धोका वाढल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

दक्षिणतारा

मी मेलबर्नला राहते. शब्दवेधी यांचे उत्तर उपयुक्त आहे, पण डेंजर मोजले जात नाही असा समज त्यातून होऊ नये, म्हणून लिहिते. इथे वणव्याच्या दिवसांत रोज जाहीर होते ते ‘फायर डेंजर रेटिंग’, आणि त्याच्या मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा चढत्या पायऱ्या आहेत. ही चार पायऱ्यांची पद्धत सप्टेंबर 2022 पासून देशभर एकसारखी लागू झाली. युरोप-अमेरिकेतील डोंगराळ भागांत हिमस्खलनाचीही अशीच डेंजरची मोजपट्टी वापरली जाते. एखाद्या जागेची किंवा दिवसाची स्थिती सांगायची असेल तर डेंजरला पायऱ्या असू शकतात.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. 7 फेब्रुवारी 2009 रोजी व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत 173 माणसे मेली. तोपर्यंत ‘एक्स्ट्रीम’ ही सर्वांत वरची पायरी होती, त्या घटनेनंतर तिच्याही वर आणखी एक पायरी जोडली गेली. पण नुसते मोठे विशेषण जोडून भागत नाही हेही लक्षात आले असावे, कारण आजच्या पद्धतीत प्रत्येक पायरीला एक आज्ञा जोडलेली आहे. मॉडरेटला ‘प्लॅन अँड प्रिपेअर’, हायला ‘बी रेडी टु ॲक्ट’, एक्स्ट्रीमला ‘टेक ॲक्शन नाऊ’ आणि शेवटच्या पायरीला जीव वाचवायचा असेल तर तो परिसर सोडून जा, असा सरळ निरोप. विशेषणे वापरून वापरून बोथट होतात, कृतीची सूचना तशी होत नाही. प्राजक्तताई, तुमच्या मागच्या दारावरच्या कागदावर ‘मोअर डेंजरस’ लिहिण्यापेक्षा ‘आइस ऑन द पाथ, प्लीज यूज द फ्रंट डोअर’ असे लिहा.

नीलांबर

हवाई वाहतुकीतील संवाद हा माझ्या कामाचा भाग असल्याने एक घटना सांगावीशी वाटते. 25 जानेवारी 1990 रोजी आव्हियान्का कंपनीचे 52 क्रमांकाचे विमान बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला येत होते. खराब हवामानामुळे त्याला वाटेत एकूण सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागल्या. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, आणि त्यानंतर इंधन संपून विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे कोसळले. विमानातील 158 जणांपैकी 73 जणांचा मृत्यू झाला.

विमानातील कर्मचाऱ्यांनी नियंत्रकांना काहीच सांगितले नव्हते असे नाही. त्यांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली होती आणि ‘वुइ आर रनिंग आऊट ऑफ फ्युएल’ असेही म्हटले होते. त्यांनी जो शब्द उच्चारला नाही तो म्हणजे ‘इमर्जन्सी’. तसे पाहिले तर उडणाऱ्या प्रत्येक विमानातील इंधन संपतच येत असते, त्यामुळे ते वाक्य खरे असूनही त्यातून संकटाची पातळी कळत नव्हती. त्या रात्री त्या आकाशात अनेक विमाने ताटकळत होती आणि नियंत्रकांनी त्या वाक्याला इतर विमानांच्या तक्रारींपेक्षा वेगळे वजन दिले नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने आपल्या अहवालात आणीबाणी स्पष्टपणे जाहीर न होणे हे एक प्रमुख कारण मानले आणि इंधनाच्या स्थितीसाठी ठरीव, सर्वांना सारखेच समजतील असे शब्द नव्हते याकडेही बोट दाखवले.

आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार यासाठी दोन वेगळी वाक्ये आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे यापुढे आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लावावा लागेल. ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणजे राखीव साठा वापरूनच उतरावे लागणार आहे. मेडेची व्याख्याच ‘ग्रेव्ह अँड इमिनंट डेंजर’ अशी आहे, म्हणजे गंभीर आणि अगदी जवळ आलेले संकट. शब्दवेधी यांनी डेंजर या शब्दाविषयी जे म्हटले त्याला हा चांगला आधार आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की अनेक रुग्णालयांत परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातील संवादासाठीही अशा चढत्या वाक्यांचे प्रशिक्षण दिले जाते. आधी ‘आय ॲम कन्सर्न्ड’, मग ‘आय ॲम अनकम्फर्टेबल’, आणि तरीही कुणी लक्ष दिले नाही तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’. ही वाक्ये सौम्य वाटतात, विशेषतः आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना, पण ब्रिटिश सहकारी जेव्हा ‘आय ॲम अ बिट कन्सर्न्ड अबाउट हिम’ म्हणते तेव्हा ती बऱ्याचदा खरोखरच काळजीत असते. ‘अ बिट’ या शब्दांवरून काळजी थोडीच आहे असे धरून चालू नये.

यंत्रघर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून केलेल्या कामावरून थोडक्यात लिहितो. ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ यांची गल्लत टाळा. ॲसिड हे स्वभावतःच हॅझर्ड आहे, ते कुलूपबंद कपाटात असले तरी हॅझर्डच राहते. ते कपाट उघडे राहिले आणि समोरून माणसे ये-जा करू लागली की रिस्क वाढते. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्या गटात टाकले तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी दोन्ही सारखेच घातक असल्याचा अर्थ लावला. तो गट हॅझर्डविषयीच्या पुराव्याच्या भक्कमपणाचा होता, रिस्कच्या आकाराचा नव्हता.

धोक्याच्या फलकांवरील शब्दही मनाला येतील तसे वापरलेले नसतात. अमेरिकेतील मानकानुसार ‘डेंजर’ म्हणजे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, ‘वॉर्निंग’ म्हणजे ती होऊ शकते, आणि ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. रसायनांच्या जागतिक लेबल पद्धतीत डेंजर आणि वॉर्निंग हे दोनच शब्द ठेवले आहेत. ओल्या फरशीजवळच्या पिवळ्या पाटीवर ‘कॉशन’ असते ते यामुळेच, तिथे ‘डेंजर’ लिहिले तर खऱ्या डेंजरच्या पाटीकडे पुढे कुणी पाहणार नाही.

अपूर्णांक

मी औषधांच्या चाचण्यांतील आकडेवारीवर काम करतो. ‘इन्क्रीज्ड रिस्क’ या शब्दांविषयी एक इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो, विशेषतः नातेवाइकांशी बोलणाऱ्या माणसासाठी. इन्क्रीज्ड म्हणजे हाय नव्हे. पूर्वीपेक्षा वाढली एवढेच त्यातून कळते, किती होती आणि किती झाली ते कळत नाही.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने असा इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘डबल्स द रिस्क’ हे शब्द सर्वत्र पोहोचले आणि कित्येक स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे 7000 स्त्रियांमध्ये एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्यांनी ते प्रमाण 7000 मध्ये दोघी असे झाले होते. दुप्पट हे खरे होते, आणि 7000 मध्ये एकीची भर हेही खरे होते. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे, आणि गुठळीचा धोका तर गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. केवळ शब्द कसा मांडला यामुळे इतक्या स्त्रियांच्या आयुष्यात हे घडले, ही गोष्ट मला आजही फार अस्वस्थ करते.

विशेषणांचेही तसेच आहे. युरोपातील औषधांच्या माहितीपत्रकात ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना होणारा दुष्परिणाम, आणि ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना होणारा. सामान्य वाचक ‘कॉमन’ हा शब्द वाचून त्याहून कितीतरी मोठे प्रमाण गृहीत धरतो. ज्या ठिकाणी तुमच्याकडे आकडा आहे तिथे तो ‘आऊट ऑफ’ने सांगा, म्हणजे ‘टू आऊट ऑफ सेव्हन थाउजंड’. आकडा नसेल तर तुलना कशाशी आहे ते तरी सांगा, ‘हायर दॅन लास्ट मंथ’ किंवा ‘हायर दॅन फॉर मोस्ट पीपल हर एज’. नुसते ‘हायर’ म्हणून थांबू नका.

प्राजक्त

सर्वांचे मनापासून आभार. मिळालेल्या उत्तरांवरून मी तीन वाक्ये तयार केली आहेत, कृपया पाहावीत.

नोंदीसाठी: ‘ॲट ग्रेटर रिस्क ऑफ फॉलिंग सिन्स न्यू बीपी टॅब्लेट्स. गेट्स डिझी ऑन स्टँडिंग.’ दारासाठी: ‘कॉशन, आइस ऑन पाथ. प्लीज यूज द फ्रंट डोअर.’ आजींच्या मुलीसाठी फोनवर: ‘युअर मदर इज ॲट इन्क्रीज्ड रिस्क ऑफ ॲस्पिरेशन अँड चेस्ट इन्फेक्शन.’

तिसऱ्या वाक्याविषयी माझे अजून समाधान झालेले नाही. ते अचूक आहे, पण त्या मुलीच्या जागी मी असते तर मला त्यातून फक्त भीती मिळाली असती.

शब्दवेधी

पहिली दोन वाक्ये आहेत तशीच वापरावीत. पहिल्यात ‘पासून’ आणि ‘कशामुळे’ या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, हे विशेष चांगले आहे, कारण गोळ्यांचे प्रमाण बदलल्यावर तीच नोंद पुन्हा तपासता येईल.

तिसऱ्याविषयी तुमची शंका योग्य आहे. ‘ॲस्पिरेशन’ हा शब्द त्या मुलीला बहुधा ‘आकांक्षा’ या अर्थानेच माहीत असेल. घरगुती इंग्रजीत अन्न श्वासनलिकेत जाण्याला ‘गोइंग डाउन द राँग वे’ म्हणतात आणि हे शब्द तिला लहानपणापासून ठाऊक असतील. शिवाय रिस्क हे नाम इथे टाळता येते. मी असे सुचवेन: ‘युअर मम इज फाइंडिंग इट हार्डर टु स्वॉलो दॅन शी डिड लास्ट मंथ. फूड इज मोअर लाइकली टु गो डाउन द राँग वे, अँड दॅट कॅन लीड टु अ चेस्ट इन्फेक्शन.’ त्यानंतर श्वास घेण्याइतके थांबून तुम्ही काय करत आहात ते सांगा. आहार मऊ केला असेल, जेवताना कुणी जवळ बसत असेल, गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना बोलावले असेल, तर ते याच क्रमाने. ‘मदर’ऐवजी ‘मम’ म्हणायचे की नाही हे ती स्वतः आईला काय म्हणते ते ऐकून ठरवा. इंग्लंडच्या उत्तरेत कुणी ‘मॅम’ म्हणते, आणि तोच शब्द तुमच्या तोंडून आला तर तिला बरे वाटेल.

अपूर्णांक

‘दॅन शी डिड लास्ट मंथ’ हे शब्द काहीही झाले तरी गाळू नका. आणि ‘हाऊ लाइकली?’ असा प्रश्न मुलीने विचारला तर अंदाजाने टक्केवारी सांगू नये. ‘वुइ विल नो मोअर आफ्टर द स्वॉलो असेसमेंट’ हे खरे उत्तर आहे, आणि तपासणीची तारीख ठरली असेल तर ती लगेच पुढे जोडावी.